मागच्या सीटवरच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही विषय बदलणार, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याकडे विमान उडवायला शिकायला आलो तेव्हा माझ्या फाइलवर 'आत्मविश्वास कमी' असा शेरा होता. जो भेटेल तो पाठीवर थाप मारून सांगायचा, घाबरू नकोस, जमेल. तुम्ही असलं काही एकदाही बोलला नाहीत. विचारलंत एवढंच, "डाउनविंडवर असताना डोक्यात काय काय चालू असतं?" (डाउनविंड म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडण्याचा टप्पा.) मी सांगत गेलो: उंची, वेग, चाकं, फ्लॅप, रेडिओ, बाजूचा वारा, पुढचं विमान, शिवाय मागे बसलेले इन्स्ट्रक्टर मनात काय म्हणत असतील ते. "मग विमान कोण उडवतं?" म्हणालात.

तिथून पुढचं शिक्षण जमिनीवर झालं. रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसवून, डोळे मिटून अख्खी सॉर्टी, म्हणजे एक पूर्ण उड्डाण, मोठ्याने म्हणायला लावायचात. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) जिथे असेल तिथेच हात गेला पाहिजे, वळणाआधी मान फिरली पाहिजे. मी बेस लेगवर, म्हणजे धावपट्टीकडे शेवटचं वळण घेण्याआधीच्या टप्प्यावर, असलो की मध्येच तुमचा आवाज: "इंजिन फायर." तोंडपाठ कृतींत अडखळलो की पुन्हा टेकऑफपासून सुरुवात. दारावरून जाणाऱ्यांची चांगलीच करमणूक होत असणार. पण घाबरलेलं डोकं विचार करत नाही, तेव्हा अंगात मुरलेलंच कामाला येतं, हे मला त्या खुर्चीत पटलं.

आमच्या ट्रेनरमध्ये शिकणारा पुढे आणि शिकवणारा मागे, त्यामुळे सगळा अंदाज इंटरकॉमवरच्या आवाजावरून बांधायचा. तो आवाज चढला की माझी मूठ स्टिकवर, म्हणजे विमान चालवायच्या दांड्यावर, आवळायची, आणि मूठ आवळली की विमान वर-खाली व्हायचं. तुमची पट्टी कधी बदलली नाही. "अंगठा आणि दोन बोटं. ट्रिम कर. आता हात सोड." ट्रिम म्हणजे हात न लावता विमान तसंच राहील अशी जुळणी. हात सोडला. विमान आपलं सरळ चाललेलं. इतके दिवस मी त्याच्याशी उगाच कुस्ती खेळत होतो.

रेडिओचंही तसंच. "आधी विमान उडव, मग दिशा बघ, बोलणं सगळ्यात शेवटी. टॉवरला स्टँडबाय म्हण, थांबतील ते." स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटण्याची, भीती तुम्ही स्टॉल करायला लावून लावूनच घालवलीत. पंखाचा हवेशी होणारा कोन प्रमाणाबाहेर गेला की स्टॉल होतो, मग वेग कितीही असो. म्हणून पहिलं काम स्टिक पुढे. थरथर सुरू होताच हात आपसूक पुढे जाऊ लागला, तसा पोटातला गोळाही गेला.

ढगात मात्र मला वाटायचं, दोष माझ्यातच आहे. उपकरण म्हणायचं सरळ, अंग म्हणायचं वळतोय. सावकाश, लांबलेल्या वळणात आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि वळण संपलं की उलट दिशेला वळल्याचा भास होतो, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. कान सगळ्यांचे असेच, म्हणालात. मला त्या दिवशी केवढं हलकं वाटलं, ते तेव्हा बोललो नव्हतो.

लोक पहिल्या सोलोचं, म्हणजे एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाचं, कौतुक करतात. माझ्या मते खरा फरक त्याआधीच पडला होता, एका साध्या सॉर्टीत. फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळता वळता दुसऱ्या विमानाचा रेडिओ कॉल कानावर आला, तो कळलाही, आणि वळण बिघडलं नाही. डोक्यात जागा झाली होती. डीब्रीफमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. नेहमीप्रमाणे पुढच्या सॉर्टीसाठी सुधारायची एकच गोष्ट सांगितलीत आणि उठलात.

या सगळ्यासाठी मनापासून आभार.

सध्या फॉर्मेशन, म्हणजे दुसऱ्या विमानाच्या जवळ राहून एकत्र उडणं, चालू आहे आणि ते जड जातंय. पण आता नुसतं 'जमत नाही' असं म्हणत नाही, कुठे अडतं ते सांगता येतं: लीडरच्या जवळ सरकताना थ्रॉटल मागे घ्यायला मला उशीर होतो. पुढच्या आठवड्यात थोडा वेळ काढून एकदा खुर्चीवर ऐकाल का?

तुमचा विद्यार्थी