मोठा वूफर घेण्याआधी क्रॉसओव्हर ठरवा

महोदय,

घरच्या घरी स्पीकर बांधण्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे जपून ठेवणारी घरे ज्या पुण्यात आजही कमी नाहीत, तेथे या विषयाला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली हे उचितच झाले. मात्र खालच्या स्वरांसाठी एक वूफर आणि वरच्या स्वरांसाठी एक ट्वीटर एवढ्यावर भागवणाऱ्या टू-वे स्पीकरसाठी ‘खिशाला परवडेल तेवढा मोठा आणि जास्तीत जास्त वॅटचा वूफर घ्यावा’ हा त्यातील सल्ला वाचकाचे पैसे वाया घालवणारा आहे, म्हणून हे पत्र.

वूफर किती खाली उतरतो हे सगळेच विचारतात. टू-वे रचनेत तो किती वर चढतो हे आधी पाहावे लागते, कारण मधला पट्टा सांभाळून घ्यायला तिथे तिसरे कोणी नसते. ज्या स्वरावर वूफर थांबतो आणि ट्वीटर सुरू होतो, तो क्रॉसओव्हर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर येते, आणि १५ इंची वूफरच्या कोनचा, म्हणजे शंकूसारख्या पडद्याचा, प्रत्यक्ष हलणारा भाग जवळपास तेवढाच, म्हणजे ३३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. तरंगलांबी कोनच्या व्यासाएवढी झाली की आवाज चहूकडे पसरेनासा होतो. समोरच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर तो ६ डेसिबलने उतरतो आणि त्याहून वरच्या स्वरांना झोत आणखी अरुंद होत जातो. १२ इंची वूफरची हीच मर्यादा १३०० हर्ट्झच्या आणि ८ इंचीची २१०० हर्ट्झच्या जवळपास येते. ही भूमिती आहे; महागडा वूफर घेतल्याने ती बदलत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. बाजारात सहज मिळणारा १ इंची डोम ट्वीटर २००० हर्ट्झच्या फार खाली वापरता येत नाही, कारण तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली गेले की पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. त्यामुळे १५ इंची वूफर आणि डोम ट्वीटर अशी जोडी जमवली, तर १००० ते २००० हर्ट्झचा पट्टा वूफर अरुंद झोतात फेकतो आणि त्याच्या वर ट्वीटर एकदम खोलीभर पसरतो. शब्दांची स्पष्टता बरीचशी याच परिसरात ठरते. परिणामी समोर बसलेल्याला एक गायक ऐकू येतो आणि सोफ्याच्या कडेला बसलेल्याला दुसराच.

यावरचा मार्ग जुना आहे. सिनेमागृहांसाठी बनलेल्या अल्टेक कंपनीच्या ए-७ या स्पीकरमध्ये १५ इंची वूफरची हॉर्नशी, म्हणजे वरचे स्वर देणाऱ्या भोंग्याशी, गाठ ५०० किंवा ८०० हर्ट्झवर घातलेली असे. १९८१ साली आलेल्या जेबीएल कंपनीच्या ४४३० या स्टुडिओ मॉनिटरमध्ये (ध्वनिमुद्रण तपासण्याच्या स्पीकरमध्ये) ती १००० हर्ट्झवर होती. म्हणजे मोठ्या वूफरसोबत हॉर्न आणि त्याच्या मागे बसून आवाज निर्माण करणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर हे ओघानेच आले, आणि ९० अंशांचा पसारा तेवढ्या खालपर्यंत धरून ठेवायचा, तर हॉर्नचे तोंडही जवळजवळ वूफरच्या कोनएवढे रुंद लागते. वूफरचा आकार ठरवताना या जोडीदाराची किंमत आणि जागा हिशोबात धरलीच पाहिजे. लेखात हॉर्नचा उल्लेखही नाही.

वॅटच्या आकड्याविषयी फार लिहीत नाही. व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, किती उष्णता सोसेल एवढेच तो सांगतो. संवेदनक्षमता (एका वॅटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज) ९५ डेसिबल असलेला वूफर १० वॅटवर जो आवाज देतो, त्यासाठी ८५ डेसिबलच्या वूफरला १०० वॅट लागतात.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात, चौकशी केली की साधारणपणे दोन जातींचे मोठे वूफर पुढे केले जातात. एक गाडीतला सबवूफर: जड कोन, त्याची लांब मागे-पुढे हालचाल आणि कॉइलचा इंडक्टन्स (वरच्या स्वरांना अडवणारा गुण) इतका, की काहीशे हर्ट्झच्या वर तो मान टाकतो. टू-वेसाठी तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुसरा कार्यक्रमांच्या मांडवात वापरला जाणारा पीए वूफर: हलका कागदी कोन, ९५ डेसिबलच्या पुढची संवेदनक्षमता आणि हजार हर्ट्झच्या वरही बऱ्यापैकी सरळ आलेख, म्हणजे सगळे स्वर साधारण सारख्याच जोराने. तो फार खाली उतरत नाही ही त्याच्याविषयीची तक्रार खरी आहे, पण आपण ऐकतो काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. ख्यालगायन, नाट्यसंगीत आणि पखवाज ऐकणाऱ्याने २५ हर्ट्झचा अट्टहास धरण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

स्पीकरच्या खोक्याचे गणित अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात इतके नीटनेटके मांडून ठेवले आहे की अंदाजपंचे सुताराला माप देण्याची गरज उरलेली नाही. समजा, एका वूफरचे एफएस (तो स्वतःहून घुमतो तो स्वर) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (ते घुमणे किती आवरले जाते याचा आकडा) ०.३८ आणि व्हीएएस (कोनच्या टांगणीइतकीच लवचीक असलेली हवा) १५० लिटर आहे. बंद खोक्यात क्यू (खोक्यासह येणारा तोच आकडा) ०.७०७ राखायचा तर सुमारे ६१ लिटर जागा लागेल आणि आवाज ५६ हर्ट्झवर ३ डेसिबलने उतरलेला असेल. खोके लहान, बास खोल आणि संवेदनक्षमता जास्त, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे जो विक्रेता देऊ शकत नाही, त्याच्याकडून वूफर घेऊच नये, किंवा संगणकाच्या साउंड कार्डच्या मदतीने ते स्वतः मोजण्याची तयारी ठेवावी. जुना वूफर घेत असाल तर कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहावा. फोम काही वर्षांत भुगा होतो, कापडी घडीची कड टिकते.

शेवटी खोली. आपल्याकडचा हॉल बहुधा १० बाय १२ फुटांचा. तिथे ४७ आणि ५७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, आणि ऐकणारा स्पीकरपासून जेमतेम अडीच मीटरवर बसतो. वूफर मोठा असल्याने त्याच्या आणि हॉर्नच्या केंद्रांमधले अंतर ४० सेंटिमीटरच्या पुढे गेले, तर इतक्या जवळून ते दोन वेगळे स्रोत म्हणून जाणवू लागतात. अशा हॉलसाठी मी १० किंवा फार तर १२ इंची कागदी कोनचा वूफर आणि १२०० ते १५०० हर्ट्झवर त्याला भेटणारा हॉर्न सुचवीन. १५ इंचीचा विचार ऐकणारा साडेतीन-चार मीटर मागे बसू शकत असेल, तरच करावा. लेखाचा पुढील भाग छापताना वूफरच्या नावांबरोबर त्यांचे हे आकडे आणि सुचवलेला क्रॉसओव्हरही द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
एरंडवणे, पुणे