लाल पेनाबद्दल आभार

आदरणीय सेन्सेई,
सादर नमस्कार.

टोकियोतल्या मराठी कुटुंबांसाठी केलेलं अँटिबायोटिक आणि पोटाच्या तक्रारींवरचं कांपो-पत्रक (कांपो म्हणजे जपानी पारंपरिक वनौषधी) तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलंत. मनापासून आभार.

‘जुलाबावर हांगेशाशिन्तो’ (हे कांपोचं पुडीतलं औषध) हे वाक्य तुम्ही आधी खोडलंत. छातीखाली दडपल्यासारखं, मळमळ, पोटात गुडगुड आणि पातळ शौच, हे सगळं एकत्र असेल तरच हांगेशाशिन्तो. भूक मेलेली, दोन घासांत पोट जड, हातपाय गार असतील तर रिक्कुन्शितो हे दुसरं कांपो औषध. रोग्याला पाय सरळ ठेवून उताणं निजवून पोट चाचपायचं, मगच औषध ठरवायचं, असं समासात लिहिलंत.

ज्येष्ठमधाची दुरुस्ती तर आम्हाला सुचलीच नसती. हांगेशाशिन्तोच्या रोजच्या तीन पुड्यांत (एकूण ७.५ ग्रॅम) २.५ ग्रॅम ज्येष्ठमधापासून काढलेला अर्क असतो. सर्दीसाठी काक्कोन्तो घेतलं की आणखी २ ग्रॅम. वर आपल्याकडचा खोकल्याचा काढा! पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात. आणि पोटऱ्यांतल्या त्या पेटक्यांवर लोक घेतात शाकुयाकु-कान्झोतो, ज्यात दिवसाला ६ ग्रॅम ज्येष्ठमध! हा फेरा तुम्ही तीन बाण काढून दाखवलात. मूळचाच पोटॅशियम कमी असलेल्यांना हांगेशाशिन्तो नकोच, हेही.

अँटिबायोटिक चालू असताना हांगेशाशिन्तोचा गुण कमी का येतो, याचंही उत्तर मिळालं. त्यातल्या ओगोन मुळीतलं बायकालिन हे द्रव्य आतड्यातले जिवाणू फोडतात, तेव्हा ते नीट शोषलं जातं. नेमके तेच जिवाणू अँटिबायोटिकनं मेलेले असतात. म्हणून पुड्या वाढवायच्या नाहीत, आणि डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिकही बंद करायचं नाही.

पुडी कोमट पाण्यात ढवळून जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मधे. कडू लागते ती त्यातल्या ओरेन या वनस्पतीमुळे; आपल्या दारुहळदीतलं बर्बेरिन त्यातही आहे. कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला तर पुडी बंद करून लगेच डॉक्टर. शौचात रक्त, ताप किंवा दिवसभर पाण्यासारखे जुलाब असतील, तर कांपोची वाट न पाहता क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूची तपासणी. ही ओळ आता पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत आहे.

सुधारलेली प्रत सोबत जोडली आहे. ‘सुंठ’ खोडून ‘वाफवून किंवा गरम पाण्यातून काढून वाळवलेलं आलं’ केलंय. लांबलचक झालं खरं, पण पुडीतल्या कान्क्योला, म्हणजे या आल्याला, सुंठ म्हटलं असतं तर तुमचं लाल पेन पुन्हा निघालं असतं.

आपले,
पत्रकाचे अनुवादक