‘सीमा खुली’, पण कोणत्या बाजूने?

महोदय,

महासाथीत ‘सीमा खुली झाली’ एवढाच मथळा वाचून निघालेल्यांची नाक्यावर हमखास फसगत होत असे. कोणत्या दिशेने, रस्त्याने की विमानाने, कोणत्या व्हिसावाल्यांना, ही एक ओळ बातमीत हवीच होती. अमेरिका-कॅनडाचेच घ्या. मार्च २०२० मध्ये ही सीमा अनावश्यक प्रवासाला बंद झाली. कॅनडाने ९ ऑगस्ट २०२१ ला दार उघडले ते लस घेतलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांना सहलीसाठी ७ सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. अमेरिकेने आपल्या बाजूचा रस्ता उघडला थेट ८ नोव्हेंबरला. गंमत म्हणजे तोवर कॅनडातून चाचणी करून विमानाने अमेरिकेत जाता येई, गाडीने सीमेवरचा पूल ओलांडता येत नसे!

कागदात खोट असेल तर विमान कंपनी आधीच अडवते. रस्त्यावर असा मधला तपासनीस नसतो. चूक कळते ती अधिकाऱ्याच्या खिडकीशी, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. सर्वाधिक घोळ कॅनडाच्या ७२ तासांच्या अटीचा. कोरोना चाचणी त्याहून जुनी चालत नसे. हे तास मोजायचे नमुना दिल्यापासून, अहवाल हाती आल्यापासून नव्हे. विमानाला ही मोजणी उड्डाणाच्या ठरलेल्या वेळेपर्यंत, रस्त्याने मात्र सीमेवर पोचेपर्यंत. सोमवारी सकाळी १० ला स्वॅब दिला आणि अहवाल बुधवारी रात्री आला, तर उरत जेमतेम बारा तास. पुलावरची रांगही त्यातच. शिवाय चाचणी आरटी-पीसीआरसारखी लागे, तेव्हा अँटिजेन चालत नसे. अहवालावर नमुना घेतल्याची तारीख आणि चाचणीचा प्रकार छापलेला नसेल तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला काही किंमत नसे. कॅनडा सरकारच्या अराइव्हकॅन ॲपमधली माहितीही नाक्यावर पोचण्यापूर्वीच भरावी लागे. तिची पावती कागदावर छापून ठेवलेली बरी असे, फोनची बॅटरी रांगेतच संपायची.

लशीचा पेच वेगळाच. दोन्ही देशांना शेवटच्या डोसनंतर १४ दिवस हवे होते, पण मान्य लशींच्या याद्या एक नव्हत्या. कोव्हॅक्सिन घेतलेल्याला ८ नोव्हेंबरला अमेरिकेत गाडीने शिरता येत होते. कॅनडाच्या यादीत ही लस आली ३० नोव्हेंबरला. मधल्या काळात तोच माणूस कॅनडात परतला की ‘लस न घेतलेला’ ठरे आणि १४ दिवस विलगीकरणात जाई.

– एक वाचक