वाकळीचा हिशेब

सांगली

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची हिशेबाची वही काल मिळाली. पत्र एकदा वाचले, वही दोनदा वाचली. नोकरीवर परत न जाता गोधड्या शिवून विकायच्या, असे तू जवळजवळ ठरवले आहेस आणि तरीही माझे मत मागितले आहेस. बाबांचे मत तू फोनवर ऐकलेच आहेस, त्यामुळे ते येथे पुन्हा लिहीत नाही.

मी ३२ वर्षे ज्या विभागात काम केले, त्याच्या दारावर ‘व्यवसायोपचार’ अशी पाटी होती. खेड्यातून आलेली माणसे ती वाचून मला विचारत, “बाई, इथं धंदा शिकवतात का?” मग मी समजावून सांगत असे की येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, माणूस दिवसभरात जे जे करतो, म्हणजे घास उचलणे, केस विंचरणे, सदऱ्याचे बटण लावणे, ते सगळे व्यवसाय, आणि ते करता करताच हात आणि मन पुन्हा कामाला लागते. आता माझ्याच घरातला रुग्ण त्या शब्दाचा मला नको असलेला अर्थ घेऊन समोर उभा आहे, याची मला गंमतही वाटते आणि थोडी काळजीही वाटते.

अपघातानंतर तुझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, जोडल्या, तेव्हा पहिले बारा आठवडे तुला जोर लावायची परवानगी नव्हती. हाताला आधार देणारे स्प्लिंट निघाले तरी तू हात मांडीखाली दाबून बसायचास. चिकणमातीचा गोळा दिला तर तो तसाच वाळून जायचा. मी तुझी आई होते, उपचार करणारी बाई दुसरी होती, आणि मी तिच्या कामात लुडबूड करायची नाही असे ठरवले होते. तरीही आजीची जुनी इरकली लुगडी पेटीतून काढून तुझ्यासमोर अंथरली, ती लुडबूडच होती. पहिल्या दिवशी तू नऊ टाके घातलेस. ते वेडेवाकडे होते, एक तर चक्क तुझ्या पायजम्यातून गेला होता. सहा महिन्यांनी तू सांगितलेस की धावदोरा घालताना डोक्यातला आवाज बंद होतो. हे वाक्य मी विसरलेले नाही आणि या पत्रात जे पुढे लिहिते आहे, ते सगळे त्या वाक्यासाठी आहे.

गोधडी आणि आमचे शास्त्र यांचे नाते तुझ्यामुळे जुळलेले नाही. १९१७ साली अमेरिकेत या शास्त्राची पहिली संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ होते आणि त्यांना गोधड्यांचे वेड होते. रुग्णांच्या हाती सुई-कापड देता देता ते बाल्टिमोरच्या जुन्या गोधड्यांचे अभ्यासक झाले. आपल्याकडे हे शास्त्र रुजवणाऱ्या कमला निंबकरही जन्माने अमेरिकनच. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी याचे शिक्षण सुरू केले.

मात्र तुला खरे सांगायचे आहे ते मार्बलहेडचे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या समुद्रकाठच्या गावी हर्बर्ट हॉल नावाच्या डॉक्टरांनी १९०४ साली मनाने थकलेल्या रुग्णांसाठी हस्तकलेची कामे सुरू केली, त्यांत मातीची भांडी करण्याचे कामही होते. भांडी देखणी होऊ लागली, मागणी वाढली, आणि थोड्याच वर्षांत ध्यानात आले की बाजाराला हवा तसा माल रुग्णांच्या हातून निघत नाही. मग भांड्यांचा कारखाना रुग्णालयापासून वेगळा झाला आणि काम शिकलेल्या कारागिरांकडे गेले. तो सांभाळणाऱ्या आर्थर बॅग्ज यांनी १९१५ साली तो स्वतःच विकत घेतला आणि १९३६ पर्यंत चालवला. ती भांडी आज संग्रहालयांत आहेत. धंदा म्हणून हे यशच होते, मी त्याला नावे ठेवत नाही. पण ज्यांच्यासाठी चाक फिरू लागले होते, ती माणसे चाकावरून उठली होती. तू वहीच्या शेवटच्या पानावर ‘चार बायका, नगावर मजुरी’ असे लिहिले आहेस. तसे झाले की टाके त्या घालतील आणि तू दिवसभर ऑर्डरी घेशील, कुरिअरवाल्याशी भांडशील आणि फोटो काढशील. तुझ्या डोक्यातला आवाज तेव्हा कशाने बंद होणार, याचे उत्तर मला वहीत सापडले नाही.

आता हिशेब. तू एका मोठ्या गोधडीची किंमत २,२०० रुपये धरली आहेस. दोरा, अस्तराचे कापड, धुलाई आणि कुरिअर मिळून ७०० रुपये जातात, हे तू नीट लिहिले आहेस. उरले १,५००. तुझ्याच नोंदीप्रमाणे एका गोधडीला ५५ तास लागतात, म्हणजे तासाला २७ रुपये पडतात. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी यापेक्षा जास्त घेतात आणि त्यांनी घ्यायलाच हवेत. वेळ आनंदात जातो म्हणून त्याचे पैसे धरायचे नाहीत, हा विचार छंदाला शोभतो. धंद्यात तो शिरला की दोन वर्षांत आनंदही जातो. तासाला ८० रुपये धरलेस तर किंमत ५,१०० होते. इतके देणारे लोक कमी आहेत, पण तुलाही महिन्याला दोनच गोधड्या झेपणार आहेत. ४५ मिनिटे शिवण आणि १५ मिनिटे विश्रांती, हा तुझ्या हाताचा नियम दिवाळीच्या ऑर्डरींनीही मोडायचा नाही. थर जाड झाले की सुई ओढताना बोटांच्या चिमटीवर किती ताण येतो, ते तुला कळते, गिऱ्हाइकाला कळत नाही. चार थरांच्या वर जाऊ नकोस आणि अंगुस्तान घातल्याशिवाय बसू नकोस.

माझ्या मते तुझा धंदा मोठ्या गोधड्यांवर नाही, दुपट्यांवर चालेल. बाळाचे दुपटे लहान असते, १४ तासांत होते, धुऊन मऊ झालेले जुने सुती कापडच त्याला लागते, आणि बारशाला काय न्यावे हा प्रश्न लोकांना बाराही महिने पडतो. गोधडीची मागणी कार्तिकापासून माघापर्यंत, पुढे उन्हाळ्यात कोणी विचारत नाही. तेव्हा उन्हाळ्यात शिवायचे आणि पावसाळ्यात माल ओल लागणार नाही असा ठेवायचा. कापडाच्या घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल. आजी पेटीत तोच घालत असे.

लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, आधार क्रमांकावर घरबसल्या आणि विनामूल्य होते. त्यासाठी कोणी एजंट पैसे मागू लागला तर देऊ नकोस. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत आपल्या राज्यात साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि त्या आकड्याची चिंता आपल्याला इतक्यात करायची नाही. मुद्रा योजनेतून ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय मिळते हे खरे, पण सुई, दोरा आणि जुनी लुगडी यांसाठी कर्ज कशाला? पहिले वर्ष कर्जाशिवाय काढ. कंपनीने अर्धवेळ कामाचे विचारले आहे, त्याला नाही म्हणू नकोस.

गोधडीला लावायच्या चिठ्ठीचा मजकूर तू पाठवला आहेस. त्यात अपघात आहे, नैराश्य आहे, ‘टाक्याटाक्याने सावरलेला तरुण’ आहे. तो मजकूर काढून टाक. तुला लाज वाटावी असे त्यात काही नाही, पण दयेने घेणारा माणूस एकदाच घेतो, आणि तुझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ तुला प्रत्येक पार्सलात घालून पाठवावा लागतो. चिठ्ठीवर कापड कोणते, तास किती आणि धुवायचे कसे, एवढेच लिही.

मागच्या महिन्यातल्या त्या प्रकारावर तू पत्रात अवघी एक ओळ लिहिली आहेस. गिऱ्हाइकाने दिवंगत आईचे पांढरे पातळ दिले, तू त्याला लाल काठ जोडलास आणि पहिल्याच धुण्यात सगळे गुलाबी झाले. पैसे परत केलेस हे योग्य केलेस, पण तसे पातळ पुन्हा मिळणार नव्हते, आणि त्यानंतर चार दिवस तू सुईला हात लावला नाहीस हे मला तुझ्या बहिणीकडून कळले. आठवणींचे कापड घेण्याचे काम सध्या दोन वर्षे तरी बंद ठेव. दुसऱ्याच्या शोकाचा भार तुझ्या हाताला अजून पेलणारा नाही.

सोबत आजीची उरलेली दोन लुगडी पाठवते आहे. त्यांची एक वाकळ तू स्वतःसाठी शीव. तिची नोंद वहीत नको, तिचा फोटोही कोणाला पाठवू नकोस, आणि ती शिवायला दहा वर्षे लागली तरी हरकत नाही. जांभळ्याचा पदर विरला आहे, तो आतल्या थरात घे. हिरव्याचा रंग कच्चा आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून बघ.

तुझी,
आई