शिऱ्यास, लेनाबद्दल

पुणे, १० मे २०२४

प्रिय शिऱ्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही की फोन नाही. रागावला असशील तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. घरी कुणापाशी बोललो की एकच उत्तर मिळतं, 'तुझा काय संबंध?' संबंध काय तो तुला ठाऊक. माझी तब्येत बरी आहे, शुगर ताब्यात आहे.

रशियातल्या आपल्या लेनाचा पत्ता लागत नाहीये.

१७ मार्चला दुपारी तिचा टेलिग्रामवर मेसेज आला होता. 'बाराला मत द्यायला गेले. रांग मोठी होती. शेजारचे आजोबापण आले होते.' एवढंच. मी दोनतीनदा लिहिलं, उत्तर नाही. एप्रिलमध्ये अकाउंटच दिसेनासं झालं. नंबर बदलला असेल म्हणशील. असेलही. पण बाराला जाणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. पुतिनचा कट्टर विरोधक नवाल्नी, त्याने तुरुंगातून त्या कल्पनेला पाठिंबा दिला आणि १६ फेब्रुवारीला तो खार्पच्या तुरुंगातच वारला. पुतिनचा निषेध, पण घोषणा नाहीत, फलक नाहीत, फक्त मतदानाच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी बाराला सगळ्यांनी आपापल्या केंद्रावर जायचं. मत द्यायला जाणं हा गुन्हा कसा ठरवणार? तरी मॉस्कोच्या सरकारी वकिलांनी आधीच तंबी दिली होती, आणि त्या दिवशी बऱ्याच शहरांत माणसं उचललीच.

मला मात्र रांगेपेक्षा जानेवारीची धास्ती जास्त आहे. नादेझ्दिन पुतिनविरुद्ध अध्यक्षपदाला उभा राहणार म्हणाला, युक्रेनचं युद्ध चूक आहे असं उघड बोलला, आणि अर्जासाठी त्याला एक लाख सह्या हव्या होत्या. कडाक्याच्या थंडीत लोक फुटपाथवर उभे राहिले, त्यात आपली लेना. फोटो पाठवला होता तिने. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली आणि हातमोज्यात पासपोर्ट. पासपोर्ट कशाला, असं मी विचारलं, तेव्हा कळलं. सहीच्या कागदावर पूर्ण नाव, जन्मतारीख, राहता पत्ता, पासपोर्टचा नंबर, सगळं लिहावं लागतं. आणि तो गठ्ठा जातो निवडणूक आयोगाकडे. म्हणजे युद्ध नको म्हणणाऱ्यांनी आपापले पत्ते सरकारच्या हातात नेऊन दिले. नादेझ्दिनने १ लाख ५ हजार सह्या दिल्या, आयोगाने नऊ हजारांहून जास्त सदोष ठरवल्या आणि ८ फेब्रुवारीला अर्ज बाद. त्याआधी डिसेंबरात ती पत्रकार दुन्त्सोवा, तीही उभी राहणार होती, तिच्या कागदांत शंभर चुका काढून तिला सह्या गोळा करायच्या आधीच घरी पाठवलं होतं. शिऱ्या, मतमोजणीवर लोक वाद घालत बसतात, पण निकाल तर डिसेंबर-फेब्रुवारीतच लागला होता. पुतिनला ८७ टक्के मिळाले त्याचं नवल नाही. कागदावर राहिलेल्या बाकी तिघांपैकी एकही त्याला भिडला नाही.

आणि ज्यांनी सह्या केल्या, त्यांचे पत्ते आहेत तिथेच आहेत. हेच रात्री डोक्यात फिरत राहतं.

९६ चा जून, आपण रशियात होतो तेव्हाचा, आठवतो ना? शाळेतलं ते मतदान केंद्र, मावशीचं बोट धरून आठ वर्षांची लेना, आणि बुफेत पिरोश्कीवर तुटून पडलेला तू. कम्युनिस्ट झ्युगानोवच्या मतदारांना तुझ्यामुळे उपाशी परतावं लागलं, असं काका वर्षभर सांगत होते. मावशी तेव्हाच्या अध्यक्षाच्या, येल्त्सिनच्या बाजूची, काका झ्युगानोवचे, कारखान्याचा पगार थकलेला, आणि स्वयंपाकघरात दोघांचा अबोला. चहाचा कप पुढे सरकवायलाही लेना लागायची. ती निवडणूक काही सोवळी नव्हती. टीव्ही सगळा येल्त्सिनचा, पैसा त्याचा, दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला हार्ट अटॅक आला तोही लपवला. पण पहिल्या फेरीत ३५ विरुद्ध ३२ टक्के! काका ३ जुलैच्या रात्रीपर्यंत आशेवर होते. हरल्यावर त्यांनी आपल्यासमोर टेबलावर मूठ आपटली आणि दुसऱ्या दिवशी ते कामाला गेले. त्यांना कुणी हात लावला नाही. त्यांच्या पक्षाला तेव्हा दुसऱ्या फेरीत ४० टक्के होते, यंदा त्यांच्या खारितोनोवला ४.३. आज काका असते तर काय म्हणाले असते, सांग.

आपलं २००० सालचं, पुतिन पहिल्यांदा निवडून आला तेव्हाचं भांडण मी उकरून काढणार नव्हतो, पण काढतोच. 'पेन्शनी वेळेवर मिळू दे, मग बघू', हे तुझं वाक्य. पेन्शनी मिळाल्या, मला मान्य आहे, मावशीने स्वतः सांगितलं होतं. पण २०११ च्या सप्टेंबरात पंतप्रधान पुतिन आणि अध्यक्ष मेदवेदेवने खुर्च्यांची अदलाबदल भर सभेत जाहीर केली, तेव्हा फोन तूच केलास मला. २०२० ला तेरेश्कोवा दूमात, म्हणजे त्यांच्या संसदेत, उठून म्हणाली की पुतिनच्या आधीच्या कारकिर्दी मोजूच नका, तेव्हाही तूच. आपल्या शाळेच्या भिंतीवर लावलेली ती अंतराळवीर! घटनेच्या त्या एका दुरुस्तीने २०३६ पर्यंतचा रस्ता मोकळा झाला. येल्त्सिनने खुर्ची सोडली तेव्हा लेना अकरा वर्षांची होती, २०३६ ला अठ्ठेचाळीसची असेल. तिचा मुलगा आठवीत आहे, दर सोमवारी पहिल्या तासाला त्यांना देशभक्तीचा पाठ असतो. परवा ७ तारखेला पाचव्यांदा शपथ घेतली पुतिनने. मी टीव्ही बंद केला.

आणि रशियाचं तेल आपल्याला स्वस्त मिळतंय हे मला पुन्हा ऐकवू नकोस, यावर आपण फोनवर पुरेसे ओरडलोय.

चिन्मयचं लग्न ठरलं म्हणे? फार बरं वाटलं. तारीख कळव, आम्ही नागपूरला येऊच. वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं?

आता काम सांगतो. मावशीच्या घरचा जुना लँडलाइन नंबर तुझ्या त्या लाल डायरीत असेल. मॉस्कोत मिक्लुखो-मक्लाया रस्त्यावरच्या होस्टेलात असताना तूच लिहून घेतला होतास. मावशी ऐंशीच्या पुढे आहे, घर बदललेलं नसणार. फोन मीच करीन. निवडणूक, लेनाचा मेसेज, रांग, यातलं काही बोलायचं नाही. फक्त मावशीची खुशाली विचारायची आणि मग सहज, लेना काय करते. तूही तिला कुठून शोधून काही लिहू नकोस, परदेशातून आलेली एक भोळी ओळही तिला महागात पडेल. डायरी माळ्यावर असेल तर चिन्मयला चढव, तू चढू नकोस.

नंबर सापडला की लगेच कळव, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझा,
बाळ्या