राजारामपुरीतील लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दादांस जाहीर आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मंगळवार पेठेत राहणाऱ्या माझ्या मामांचा लॅपटॉप आपण दुरुस्त करून दिलात. त्या दिवशी काउंटरवर घाईघाईत आभार मानून आम्ही निघालो. परंतु आपले काम चार लोकांना कळावे, असे मामांनाही वाटत असल्याने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मामा निवृत्त शिक्षक असून पेठेतील तालमीच्या स्मरणिकेचा मजकूर ते स्वतः इन्स्क्रिप्ट पद्धतीने (भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कळरचनेने) टंकतात. भर पावसाळ्यात त्यांच्या कीबोर्डवरील ई, डी आणि सी या तीन कळा एकदम बंद पडल्या. इंग्रजी लिहिणाऱ्याची तीनच अक्षरे गेली असती, पण इन्स्क्रिप्टमध्ये ई कळीवर काना, डीवर हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि सीवर म असतो, शिवाय शिफ्टसह त्याच कळांवर आ, अ आणि ण बसतात. त्यामुळे 'कोल्हापूर' लिहायला जावे तर 'कोलहपूर' आणि 'महाद्वार' लिहायला जावे तर 'हदवर' उमटू लागले. जुन्या फाइलमधून म उचलून आणावा, तर कॉपीसाठी कंट्रोलबरोबर दाबायची कळही सीच! मामा माउसने एकेक अक्षर चिकटवत बसत आणि तालमीतली मंडळी रोज मजकुराची चौकशी करीत.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही ज्या दुकानात गेलो होतो, तेथे विंडोज बिघडले असून सगळे फॉरमॅट करावे लागेल, असे सांगण्यात आले होते. मामांनी तेव्हा लॅपटॉप पिशवीत घालून परत आणला, हे किती बरे झाले, ते पुढे कळले.

आपण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी "सर, नेमकी कोणती अक्षरे उमटत नाहीत?" असे थेट मामांना विचारलेत. (ज्येष्ठांसोबत दुकानात गेले की बहुतेक जण सोबतच्या तरुण माणसाशीच बोलतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.) पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने म आणि काना उमटवून पाहिलात, ते व्यवस्थित उमटले. आपल्याकडचा यूएसबी कीबोर्ड जोडलात, त्याच्याही सर्व कळा चालल्या. त्यानंतर लॅपटॉप पुन्हा सुरू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) गेलात आणि पासवर्डच्या रिकाम्या चौकटीत कळा दाबून दाखवल्यात. डब्ल्यू दाबताच खूण उमटली. ई कितीही दाबली तरी चौकट कोरीच राहिली. विंडोज सुरूच झालेले नसताना दोष विंडोजचा कसा असेल, हे मामांना जागच्या जागी पटले.

तिन्ही कळा एकाच वेळी का गेल्या, हेही आपण पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आडव्या-उभ्या रेघा मारून समजावलेत. प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ जुळते आणि त्यावरून कोणती कळ दाबली ते संगणक ओळखतो. या तिन्ही कळा एकाच उभ्या रेघेवर असल्याने ती रेघ तुटली की तिन्ही मुक्या होतात, म्हणून दोष कळांच्या खाली न शोधता आधी कीबोर्डला मदरबोर्डशी (लॅपटॉपच्या मुख्य सर्किटशी) जोडणाऱ्या पट्टीत शोधायचा, असे आपण म्हणालात. बॅटरी सुटी करून आपण ती पातळ पट्टी मदरबोर्डवरील खाचेतून काढलीत, तेव्हा टोकाच्या एका संपर्कावर दमटपणामुळे धरलेला काळपट थर भिंगाखाली मामांनाही दिसला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून पट्टी सरळ बसवलीत, खटका लावलात आणि पहिल्याच ओळीत मामांनी 'महाद्वार' लिहिले.

एवढ्यावर नवा कीबोर्ड बसवून बिल वाढवणे आपल्याला अवघड नव्हते. उलट आपण केवळ मजुरी घेतलीत, आणि हा दोष पुन्हा आला तर मात्र कीबोर्ड बदलावा लागेल, हेही स्पष्ट सांगितलेत. फॉरमॅट केले असते तर स्मरणिकेचा सारा मजकूर गेला असता आणि कळा तशाच बंद राहिल्या असत्या.

स्मरणिकेचा मजकूर आता छापखान्यात गेला आहे आणि आपल्या सांगण्याप्रमाणे त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवली आहे. अंक हाती येताच मामा स्वतः आपल्याकडे घेऊन येणार आहेत.

आपली कृतज्ञ,
मामांची भाची
मंगळवार पेठ, कोल्हापूर