सेवांची नावे पाठ करून क्लाउड येत नाही

महोदय,

दहा-बारा वर्षे जावा किंवा डॉटनेटमध्ये मुरलेली मंडळी क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे संगणक) शिकायला निघतात आणि थेट प्रमाणपत्राच्या प्रश्नसंचाला हात घालतात. एकट्या एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या क्लाउडवर) दोनशेहून अधिक सेवा आहेत. त्यांची यादी घोकून काय होणार? कोड तर या लोकांना येतोच. घोडे अडते ते नेटवर्क, परवानग्या आणि बिलापाशी, कारण ही कामे कंपनीत आजवर दुसरेच कोणी पाहत होते.

खाते उघडताच रूट युजरला (खात्याच्या मूळ, सर्वाधिकारी लॉगिनला) एमएफए, म्हणजे पासवर्डसोबतची दुसरी ओळखतपासणी, लावावे, रोजच्या कामासाठी वेगळा युजर करावा. खर्च ठरल्या रकमेपुढे गेल्यास कळवणारा बजेट अलर्टही ठेवावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. अलर्ट नुसता ईमेल पाठवतो, तोही काही तास उशिरा. मग आपलेच एखादे जुने, डेटाबेस असलेले छोटे अॅप्लिकेशन क्लाउडवर चढवावे आणि डेटाबेस प्रायव्हेट सबनेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता न येणाऱ्या नेटवर्कच्या भागात, ठेवावा.

पहिल्या फटक्यात ते चालत नाही, आणि खरे शिक्षण तिथेच होते. 'टाइमआउट' आला तर आधी सिक्युरिटी ग्रुप (मशीनभोवतीची फायरवॉल) आणि राउट टेबल (नेटवर्कमधील वाटांचा तक्ता) बघा. परवानगी नसलेले पॅकेट सिक्युरिटी ग्रुप गुपचूप टाकून देतो, उत्तर पाठवत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर मशीनपर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर बहुधा काही चालू नाही. एसथ्रीकडून (फाइल साठवण्याच्या सेवेकडून) 'अॅक्सेस डिनाइड' आले तर बहुतेक वेळा आयएएम रोल (प्रोग्रामला दिलेल्या परवानग्यांचा संच) किंवा बकेट पॉलिसी (एसथ्रीतल्या साठ्याचे परवानगीचे नियम) अपुरी असते. अशा वेळी वैतागून रोलला सरसकट अॅडमिन हक्क देण्याची खोड फार वाईट.

लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा) व्हीपीसीला, म्हणजे आपल्या खासगी नेटवर्कला, जोडला की त्याचे इंटरनेट तुटते, सबनेट पब्लिक असले तरी. मग लोक नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून इंटरनेटवर जाण्याची वाट) लावतात आणि विसरतात. व्हर्जिनिया रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या तिथल्या डेटासेंटर समूहात) त्याचा दर ताशी 0.045 डॉलर, म्हणजे काही काम नसतानाही महिन्याला सुमारे 32 डॉलर. डेटाचे पैसे वेगळे. फक्त एसथ्रीच गाठायचे असेल तर गेटवे एंडपॉइंट (एसथ्रीपर्यंतची थेट वाट) लावावा, तो फुकट आहे.

ईसीटू (भाड्याचा सर्व्हर) बंद केले तरी डिस्कचे भाडे चालूच राहते. बंद केलेला आरडीएस डेटाबेस (एडब्ल्यूएस सांभाळते तो) तर 7 दिवसांनी आपोआप सुरू होतो! म्हणून सराव पहिल्यापासून टेराफॉर्मने (यंत्रणा कोडमधून उभारणाऱ्या साधनाने) करावा आणि उठताना, उभारलेले सगळे पाडणारे, 'डिस्ट्रॉय' चालवावे. कन्सोलवर (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) हाताने बनवलेल्या वस्तूंची मात्र टेराफॉर्मला खबर नसते. त्या प्रत्येक रीजनमध्ये जाऊन आपणच शोधाव्या लागतात.

— एक संगणक अभियंता, पुणे